आधी तारा तपासाव्या
(कौशल्यवर्ग अभ्यासपाठ)



पेठ तालुक्यातील आमच्या कौशल्यवर्गाबद्दल काही मंडळ्यांच्या तरुण संघांनी विचारणा केली आहे. लाकडी अक्षरे कापणारे ते छोटे यंत्र चालते कसे, आणि मध्यंतरी ते सारखे बंद का पडत होते? हा पाठ त्या प्रश्नांचे उत्तर आहे. यात तारा, स्क्रू आणि आकडे बरेच आहेत. पण यात माझी एक चूकही आहे, आणि ती लपवली तर पाठ अर्धाच राहील.

नाशिककरांना असे वर्ग नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवले, तेव्हा तिथे गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. त्या शाळेतले काही तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेच्या प्रवासाला गेले. आपल्या काळातला धडा पुणे जिल्ह्यातील पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळेत न रमणारी मुले हाताने काम करता करता शिकतात हे दाखवून दिले. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरची ती पहिली फॅब लॅब मानली जाते. संगणकाने चालणारी यंत्रे खेड्यातल्या मुलांच्या हाती देता येतात, हा विश्वास आम्हाला तिथून मिळाला.

आमच्या मुलांचे थोरले भाऊ सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मदतनीस म्हणून जातात. मोठी सीएनसी यंत्रे ते पाहतात, पुसतात, त्यांच्यावर माल चढवतात. यंत्राचे दार उघडून आतल्या तारा मात्र त्यांना कोणी दाखवत नाही. म्हणून आम्ही सुटे भाग आणून मुलांकडूनच एक लहान यंत्र जोडून घेतले. काम ठरले अंगणवाड्यांसाठी प्लायवूडची मुळाक्षरे कापण्याचे.

१. यंत्राची ओळख

संगणक यंत्राला आज्ञांची एक यादी पाठवतो : अमुक ठिकाणी जा, अमुक वेगाने जा, एवढे खाली उतर. ही यादी ‘आर्डुइनो उनो’ नावाचा हाताच्या पंजाहून लहान बोर्ड वाचतो. त्यात ‘जीआरबीएल’ हा मोफत मिळणारा प्रोग्राम भरलेला असतो. त्याच्यावर बसतो ‘सीएनसी शील्ड’ हा दुसरा बोर्ड, आणि शील्डवर प्रत्येक मोटरसाठी एक छोटा ड्रायव्हर. आर्डुइनो देतो तो फक्त इशारा. मोटरला लागणारा करंट ड्रायव्हर देतो.

या स्टेपर मोटरी पंख्यासारख्या गरगर फिरत नाहीत, पावलापावलाने फिरतात. एका फेरीला २०० पावले. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे एका फेरीला ३,२०० इशारे. आमचा स्क्रू एका फेरीत ८ मिलिमीटर सरकतो. ३,२०० भागिले ८, म्हणजे एका मिलिमीटरला ४०० इशारे. सातवीत गणिताला घाबरून शाळा सोडलेल्या एका मुलाने हा भागाकार फळ्यावर केला आणि मग यंत्राला १०० मिलिमीटर सरकायला सांगून पट्टीने मोजले. उत्तर बरोबर आले तेव्हा तो बराच वेळ पट्टी हातात धरून उभा होता.

२. जोडणीचे नियम

पुढील गोष्टी आम्ही भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत.

वीजपुरवठा बंद केल्याशिवाय कोणतीही तार काढायची किंवा लावायची नाही. विशेषतः चालू असताना मोटरची तार निघाली तर ड्रायव्हर जळू शकतो. आमचा पहिला ड्रायव्हर असाच गेला.

ड्रायव्हर उलटा बसवू नये. ए-४९८८ आणि डीआरव्ही-८८२५ या दोन जातींमध्ये करंट ठरवणारा बारीक स्क्रू वेगवेगळ्या टोकांना असतो. म्हणून स्क्रू पाहून दिशा ठरवू नये; ड्रायव्हरवरची आणि शील्डवरची ‘ईएन’ ही अक्षरे एकाखाली एक येतात का, ते पाहावे.

शील्डवर छापलेल्या प्रत्येक खुणेवर विसंबू नये. यंत्र कडेला पोहोचले हे सांगणाऱ्या बटनांना लिमिट स्विच म्हणतात. जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून वर-खाली जाणाऱ्या, म्हणजे झेड अक्षाच्या लिमिट स्विचची जागा ११ नंबरच्या पिनवरून १२ वर गेली. जुन्या छपाईच्या शील्डवर मात्र १२ नंबरपाशी ‘स्पिंडल एनेबल’ अशी खूण असते. झेडची तार तिथे लावावी लागते. हे कळेपर्यंत आमचे दोन दिवस गेले.

३. पहिला बिघाड : मोटर थरथरते, फिरत नाही

स्टेपर मोटरला चार तारा असतात, म्हणजे दोन वेटोळ्यांची दोन-दोन टोके. जोड्या चुकल्या की मोटर जागच्या जागी थरथरते. तारांचा रंग पाहून जोडी ठरवू नका; बनवणाऱ्यागणिक रंग बदलतात. मल्टीमीटर ओहमवर ठेवा. ज्या दोन तारांमध्ये काही ओहम दिसतात ती एक जोडी. मीटर नसेल तर मोटर यंत्रापासून सोडवून दोन तारांची टोके एकमेकांना टेकवा आणि दांडा बोटांनी फिरवा. दांडा जड झाला तर जोडी सापडली. जोड्या बरोबर असूनही मोटर उलटी फिरत असेल, तर वीज बंद करून एकाच जोडीतल्या दोन तारांची अदलाबदल करा.

४. दुसरा बिघाड : शिरोरेषा सरकते

‘क’ कापायला घेतला आणि गाठ व दांडा नीट आले, पण शिरोरेषा चार मिलिमीटर बाजूला गेली. याचा अर्थ मोटरची काही पावले वाया गेली. यंत्राला ते कळत नाही. ते पोहोचलो असे समजून पुढे जाते.

इथे मुलांनी एक गोष्ट शिकली : स्वस्त कारण आधी तपासायचे. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू सैल आहे का? तो घट्ट होता. पाते बोथट आहे का, वेग फार आहे का? वेग निम्मा केला, तरी रेषा सरकतच होती. मग ड्रायव्हरचा करंट मोजला. ए-४९८८ वरच्या लहान रेझिस्टरवर ‘आर१००’ छापले असेल, तर बारीक स्क्रूवर ०.८ व्होल्ट म्हणजे मोटरला सुमारे १ अँपियर. आमच्याकडे ०.३५ व्होल्टच होते. स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवून ०.८ वर आणला, ड्रायव्हरला उष्णता बाहेर टाकणारी पट्टी चिकटवली आणि लहान पंखा लावला. शिरोरेषा जागेवर आली. रेझिस्टरवर ‘आर०५०’ असेल तर हिशेब बदलतो, म्हणून तो आधी वाचावा.

५. तिसरा बिघाड : यंत्र मध्येच थांबते

आता माझ्या चुकीकडे येतो.

काम सुरू असताना यंत्र अचानक थांबू लागले. पडद्यावर अलार्म येई : लिमिट स्विच दाबला गेला. प्रत्यक्षात पाते मधोमध असे, स्विचला कोणी शिवलेले नसे. एकदा थांबले की अर्धवट अक्षर वाया. पंधरा दिवसांत प्लायवूडचा एक अख्खा तक्ता गेला, आणि तो देणगीतून आणलेला होता.

मुलांच्या लक्षात आले की यंत्र थांबते ते एका ठरावीक मुलीच्या पाळीला. वर्गात मुली दोनच. “सर, तिचा हात लागतो कुठेतरी,” मुले म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, “सर, मी मशीनला हातच लावला नव्हता.” मी तिचे ऐकले, पण तिच्यावर विश्वास ठेवला नाही. “काही दिवस तू नुसते पाहा,” असे सांगून मी तिची पाळी दुसऱ्याला दिली. पुढच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.

तिची पाळी गेल्यावर यंत्र थांबायचेही बंद झाले. मला वाटले, आपले बरोबर होते.

प्रत्येकाने आपल्या पाळीची नोंद वहीत करायची असा आमचा नियम होता. बहुतेकांनी तारीख आणि सही एवढेच लिहिले होते. बुधवारी मी वही चाळली तेव्हा तिची पाने भरलेली दिसली : किती वाजता थांबले, कोणते अक्षर होते, त्या वेळी आणखी काय चालू होते. पाचही वेळा शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट होती : “भुसा ओढायची मशीन चालू केली.”

भुसा ओढण्याचा व्हॅक्यूम वर्गात एकटी तीच वापरत असे, कारण जागा स्वच्छ ठेवायची असे मी सांगितले होते. बाकीचे शेवटी झाडूने काम उरकत. मी व्हॅक्यूम लावला, यंत्र सुरू केले आणि व्हॅक्यूमचे बटन तीन-चार वेळा चालू-बंद केले. चौथ्या वेळी अलार्म आला.

कारण असे. व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. ते घासताना आणि बटन चालू-बंद होताना ठिणग्या उडतात, आणि त्यांचा त्रास शेजारच्या तारांना होतो. लिमिट स्विचची तार लांब, बारीक आणि मोकळी होती. ती व्हॅक्यूमच्या बोर्डाकडे जाणाऱ्या २३० व्होल्टच्या तारेला खेटून, एकाच पट्टीने बांधलेली होती. त्या तारेत क्षणभर उमटलेला धक्का आर्डुइनोला स्विच दाबल्यासारखा वाटे. आणि त्या तारा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून एकत्र बांधल्या होत्या मी स्वतः.

दुरुस्ती आम्ही एकेक करून केली, आणि प्रत्येक बदलानंतर व्हॅक्यूमची तीच परीक्षा घेतली.

• स्विचच्या तारा विजेच्या तारांपासून वीतभर दूर नेल्या. जिथे ओलांडाव्याच लागतात, तिथे काटकोनात ओलांडल्या.
• साध्या तारेऐवजी जाळीचे आवरण असलेली केबल घेतली. जाळी एकाच टोकाला, बोर्डाच्या बाजूला, ग्राउंडला जोडली.
• बोर्डाजवळ सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला.
• स्विच ‘दाबल्यावर तुटणारे’ अशा पद्धतीने जोडले आणि सेटिंगमध्ये $५ ची किंमत १ केली. यामुळे तार तुटली तरी यंत्र लगेच सांगते. जुन्या पद्धतीत तुटलेली तार गप्प राहते.

पहिल्या बदलानेच अलार्म पुष्कळ कमी झाले. चौथ्यानंतर एकही आला नाही.

६. अर्थिंग

त्याच वेळी परवानाधारक वायरमनला बोलावून तीन पिनांचे बोर्ड तपासून घेतले. मोठ्या पिनेच्या मागे तारच नव्हती. पाड्यांवरच्या कितीतरी जुन्या इमारतींत असेच असते. बोर्ड तीन पिनांचा दिसतो, आत दोनच तारा. यंत्राची लोखंडी चौकट अशा वेळी धोक्याची ठरते. वायरमनकाकांनी कोळसा आणि मीठ भरून अर्थिंगचा खड्डा केला. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याची पाळी आता मुलांनी वाटून घेतली आहे. २३० व्होल्टच्या बाजूचे काम मात्र मुलांना किंवा हौशी माणसाला कधीही करू देऊ नये.

७. आणि ती मुलगी

गुरुवारी मी तिच्या पाड्यावर गेलो. ती आईबरोबर नागलीच्या शेतात होती. वही मी सोबत नेली होती. तिच्या आईसमोर तिला सांगितले, की दोष तारांचा होता, त्या मी बांधल्या होत्या, आणि तुझ्याच नोंदीवरून तो सापडला. तिची आई म्हणाली, “ती तर सांगत होती, सर. घरी येऊन रडली.” यावर मला काही बोलता आले नाही. शुक्रवारी ती वर्गात आली तेव्हा मी हेच सगळ्यांसमोर पुन्हा सांगितले. मुलांनी मान खाली घातली, मीही.

मुलांचे निरीक्षण खोटे नव्हते. यंत्र तिच्याच पाळीला थांबत होते. पण तिच्या पाळीला आणखी काय वेगळे घडते, हे आम्ही विचारले नाही. शेतातली, पाड्यावरची मुलगी यंत्राजवळ उभी आहे म्हटल्यावर उत्तर आम्हाला आधीच ठाऊक असल्यासारखे वाटले. मोटरच्या बाबतीत आम्ही मीटर लावला, शिरोरेषेच्या बाबतीत व्होल्ट मोजले. माणसाची वेळ आली तेव्हा काहीच मोजले नाही.

आता नोंदवहीत ‘त्या वेळी आणखी काय चालू होते’ हा रकाना छापून घेतला आहे. दुसऱ्या तुकडीला दोष शोधण्याचा तास तीच घेते. अंगणवाडीसाठी मुळाक्षरांचा पहिला संच पूर्ण झाला आहे. त्यातला ‘क’ तिने कापलेला आहे, व्हॅक्यूम चालू ठेवून.

चर्चेसाठी प्रश्न

१. स्वस्त आणि सोपे कारण आधी तपासण्याचा नियम तुमच्या कामात कुठे लावता येईल?
२. एका वेळी एकच बदल का करावा? दोन बदल एकदम केल्यास काय कळत नाही?
३. तुमच्या घरातील, चर्चमधील किंवा शाळेतील तीन पिनांच्या बोर्डांचे अर्थिंग शेवटचे कधी तपासले? या महिन्यात वायरमनकडून तपासून घ्या.
४. एखादी चूक नेहमी एकाच माणसाच्या नावावर पडत असेल, तर त्या माणसाची नोंद वाचायला तुम्ही कधी बसला आहात का?