चांदरचे ब्रागांझा घर: पाहायला जाताना खिशात किती ठेवाल?

मडगावच्या पूर्वेला साधारण 13 किलोमीटरवर चांदर गाव आहे. तिथल्या चर्चजवळ सतराव्या शतकापासूनचे ब्रागांझा घर उभे आहे. गोव्याला गेलेले बरेच मराठी पर्यटक किनाऱ्यांवरूनच परततात. या घरासाठी अर्धा दिवस काढा. त्याचा हिशेब असा.

प्रवेश : दोन बाजू, दोन देणग्या

घर एकच, पण वाटणीनंतर चुली दोन झाल्या. पश्चिमेची बाजू मिनेझिस ब्रागांझांची, पूर्वेची ब्रागांझा परैरांची. एका बाजूला दिलेले पैसे दुसऱ्या बाजूला चालत नाहीत. माणशी, प्रत्येक बाजूचे 300 रुपये धरून निघा. चौघांच्या कुटुंबाने 2,400 रुपये रोख, सुट्ट्या नोटांसह वेगळे ठेवावेत. दारातच रक्कम विचारून घ्यावी, म्हणजे निघताना अवघडल्यासारखे होत नाही.

पैसे वाचवायला एकच बाजू पाहू नका. पश्चिमेकडे सुमारे 5,000 पुस्तकांचे ग्रंथालय आहे. ते जमवणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) हे पत्रकार होते. 1900 मध्ये ‘ओ हेराल्दो’ सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. गोमंतकीयांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असे त्यांनी 1930 मध्ये पोर्तुगीज सत्तेला ठणकावून सांगितले. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेला त्यांचेच नाव आहे. पूर्वेकडे नृत्याचे दालन, पोर्तुगालचे राजे दॉम लुईस यांनी दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या आणि खासगी प्रार्थनागृह आहे. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे नख जपून ठेवले आहे.

प्रवास

- बस : सर्वांत स्वस्त. मडगावहून चांदरला बस मिळते. जाऊन-येऊन माणशी शंभराची नोट पुरते. परतीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारा.
- स्कूटर : जाऊन-येऊन 26 किलोमीटर, म्हणजे एक लिटर पेट्रोलही लागत नाही. भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या.
- टॅक्सी : सर्वांत महाग. ‘जाणे, दोन तास थांबणे, येणे’ असा एकच दर आधी ठरवा. थांबण्याचे पैसे नंतर वाढवले जातात, वाद तिथेच होतो.
- रेल्वे : चांदरला स्थानक आहे, पण गाड्या मोजक्या. वेळापत्रक जुळले तरच विचार करा.

वेळ

सकाळी दहाच्या सुमारास पोहोचा. दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन तास लागतात. दुपारची जेवणाची आणि झोपेची वेळ टाळा. माणसे तिथे राहतात. 6 जानेवारीला गावात तीन राजांचे फेस्त असते, तेव्हा गर्दी धरूनच चला.

जोडून काय पाहाल?

केप्याला कुशावतीच्या काठी 1787 चा ‘पालासियु दु देयांव’ वाडा आहे. तिथे जेवायचे असेल तर आधी कळवावे लागते, म्हणून तो खर्च वेगळा धरा. नाहीतर मडगावात येऊन मासळीची थाळी खा.

घरात वागताना

बेल वाजवून थांबा. फोटोची परवानगी प्रत्येक बाजूला वेगळी विचारा. खुर्चीवर बसू नका, पुस्तकाला हात लावू नका, मुलांचा हात सोडू नका. घर दाखवणाऱ्याला घाई करू नका; त्या आठवणी कुठल्याही फलकावर लिहिलेल्या नाहीत.

देणगीचे पैसे जातात कुठे?

गोव्याच्या जुन्या घरांतली एखादी शिंपल्यांची खिडकी जवळून पाहा. काचेच्या जागी पातळ शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकेक करून सरकवलेले असतात. ऊन त्यांतून दुधाळ होऊन आत येते. या जातीचा शिंपला आता कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे फुटलेल्याच्या जागी नवा आणणे सोपे नाही. त्यात दर पावसाळ्याला कौले फेरायची, वाळवीवर नजर ठेवायची, ओल धरलेली भिंत सुकवायची. चांदरला ही कामे त्या घरातल्या माणसांनाच करावी लागतात.

म्हणून देणगीत घासाघीस करू नका. टॅक्सीवाल्याशी खुशाल करा. तिथे वाचलेले शंभर-दोनशे निघताना दोन्ही बाजूंना वाटून द्या. कौलांना त्यांचा उपयोग होईल.