आधी प्रेशर, मग लॅपटॉप

कार्बोरेटरची जिप्सी किंग अजून ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांच्या मनात कधी ना कधी एक विचार येतोच: हा कार्बोरेटर काढावा आणि इंजेक्शन बसवून घ्यावं. थंडीत चोक ओढायला नको, चढावर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल हिंदकळून गाडी गुदमरायला नको, ॲव्हरेजही बरं पडेल. शिवाय १९९६ साली आलेल्या तेराशे सीसीच्या किंगला मारुतीनेच २००० साली एमपीएफआय केलं होतं. कंपनीला जमलं ते आपल्यालाही जमेल, असं वाटणं साहजिक आहे.

पण कंपनीने नुसते इंजेक्टर डकवले नव्हते. हेड सोळा व्हॉल्व्हचं झालं, ताकद साठवरून ऐंशी अश्वशक्तीवर गेली आणि पेट्रोलचा पुरवठा, वायरिंग, सेन्सर हे सगळं एकमेकांच्या मापाने बसवलं गेलं. आपल्याकडे गॅरेजमध्ये होतं ते निराळं. इंजिन जुनं, टाकी जुनी, वायरिंग जुनं आणि त्यावर नवा मेंदू. दुखणी निघतात ती या सांध्यांमध्ये.

माझ्या गाडीचं काम दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजने केलं. चार इंजेक्टरची रेल, थ्रॉटल बॉडी, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर, लॅपटॉपवरून सेट करता येणारा ईसीयू, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप आणि डॅशबोर्डवर हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर. काम दिसायला देखणं होतं. चावी फिरवली की अर्ध्या सेल्फात गाडी चालू. साताऱ्यात पोवई नाक्याच्या रहदारीत कुरकुर नाही. पण खंबाटकी घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी आधी हुंदके द्यायची, मग दम सोडायची. इनटेकमधून फट् फट् आवाज, मीटरचा आकडा साडेसोळाच्या पुढे.

हा आकडा समजून घेतला पाहिजे. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. सपाट रस्त्यावर निवांत चालताना प्रमाण त्याच्या आसपास असलं तरी चालतं. पण चढावर, पूर्ण थ्रॉटलला, इंजिनाला साडेबारा ते तेराच्या आसपासचं जाड मिश्रण हवं असतं. तिथे साडेसोळा म्हणजे पेट्रोल चांगलंच कमी पडतंय. अशी गाडी रेटत राहिलं तर नॉकिंग होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनच्या माथ्याला भोकही पडू शकतं. मीटर नसेल तर हे सगळं इंजिन उघडल्यावरच कळतं.

गॅरेजला फोन केला. उत्तर तयार होतं. “साहेब, फ्युएल टेबलमध्ये पेट्रोल वाढवून देतो, फाइल पाठवतो.” फाइल आली, टाकली, सकाळच्या गारव्यात गाडी जरा बरी वाटली. दुपारी पुन्हा तेच. पुन्हा फाइल, पुन्हा वाढीव आकडे. टेबलातला आकडा चढत गेला आणि घाटातला मीटर मात्र तिथल्या तिथे. इथेच थांबून विचारायला हवं होतं ते साताऱ्याच्या एका जुन्या मिस्त्रींनी विचारलं: “ईसीयू मागतोय तेवढं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतंय का, ते कुणी बघितलंय? आधी प्रेशर बघू, मग तुमचा लॅपटॉप.”

त्यांनी रेलवर गेज लावला. आयडलला अडीच बार. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर तीन. दोन्ही आकडे जिथल्या तिथे. एवढ्यावर बहुतेक जण ‘पंप ओके’ म्हणून मोकळे होतात. मिस्त्री म्हणाले, “उभ्या गाडीत काय कळणार? लोडवर बघायचं.” इंजेक्शनच्याच दाबाची लांब होज घेऊन त्यांनी गेज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढला आणि वायपरच्या बुडाशी, काचेबाहेर, पक्का बांधला. पेट्रोलची नळी केबिनमध्ये घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. मांडीवर अग्निशामक घेऊन ते शेजारी बसले. यवतेश्वरच्या चढाला मी तिसऱ्यात पाय दाबला. काटा तीनवर थरथरला, मग हळूहळू उतरत १.८ वर येऊन टेकला. त्याच क्षणी पहिला हुंदका.

इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने बदलतं. दाब तीनवरून १.८ वर आला की तेवढ्याच वेळात सुमारे २२ टक्के पेट्रोल कमी पडतं. ईसीयूला याचा पत्ता नसतो, कारण त्याच्याकडे पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही. तो आपला हिशेबाने इंजेक्टर उघडतो आणि दाब तीन आहे असं धरून चालतो.

दाब का पडत होता, ते मल्टिमीटरने सांगितलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपाच्या टोकांवर पावणेअकरा. कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनावरच, यांत्रिक. त्यामुळे मागे टाकीपर्यंत जाड वायर न्यायचं कारणच नव्हतं. कन्व्हर्जनच्या वेळी मागच्या लाइटच्या बारीक वायरवरून पंपाला सप्लाय घेतला होता आणि अर्थ चॅसिसच्या गंजक्या बोल्टवर दिला होता. पंप फिरत होता, आवाजही येत होता, फक्त जोर नव्हता. बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेमार्गे सरळ जाड वायर, अर्थसाठीही वेगळी वायर, आणि पंपावर साडेतेरा व्होल्ट. पुन्हा चढ, पुन्हा पाय, काटा तीनच्या खाली हलला नाही.

आता खरी गंमत. फुगवलेलं टेबल तसंच होतं. पुरेसं पेट्रोल मिळू लागताच गाडी काळा धूर सोडू लागली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास यायला लागला. ऑइल बदलावं लागलं, टेबल पहिल्या फाइलवर न्यावं लागलं आणि सेटिंग नव्याने करावं लागलं. यांत्रिक दोष सॉफ्टवेअरने झाकला की तो बरा होत नाही. मूळ दोष निघाला की झाकणच नवा दोष होऊन बसतं.

इथपासून पुढचं, ज्यांच्या गाडीचा मीटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतोय त्यांच्यासाठी. पहिला प्रश्न ‘किती लीन’ हा नाही, ‘केव्हा लीन’ हा आहे.

लोडवर लीन, आयडलला ठीक: पुरवठा तपासा. प्रेशर लोडवर मोजा, पंपाचे व्होल्ट पंपाच्या टोकांवर मोजा, फिल्टर आणि टाकीतली जाळी बघा. जुन्या टाकीतला गंज नव्या पंपाच्या जाळीवर पहिल्या काही टाक्यांतच बसतो. हे सगळं ठीक निघालं तर लॅपटॉपवर इंजेक्टरची ड्यूटी, म्हणजे तो किती टक्के वेळ उघडा राहतो, ते बघा. ती ८०-८५ टक्क्यांच्या वर जात असेल तर इंजेक्टर लहान पडतोय.

आयडलला लीन, पण इंजिन गुळगुळीत: मीटरवर संशय घ्या. खरोखर पातळ मिश्रणावर आयडल थरथरतं, डळमळतं. माझ्या गाडीतही आयडलला साडेपंधरा-सोळा दिसत होते आणि इंजिन शांत होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग एका कोपऱ्यात उडालेलं निघालं, तिथे काजळीचा काळा पट्टा होता. आयडलला एक्झॉस्टच्या धक्क्यांमध्ये अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. बाहेरचा ऑक्सिजन आला की तो लीन म्हणणारच. एखादा प्लग मिस करत असेल तरी तोच प्रकार: न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो, मीटर लीन दाखवतो आणि सायलेन्सरला मात्र पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी पेट्रोल वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं.

व्हॅक्यूम लीक: लीन म्हटलं की सगळे आधी याच्याकडे बोट दाखवतात. एअर फ्लो मीटरवर चालणाऱ्या प्रणालीत ते बरोबर आहे, कारण मीटरनंतर शिरलेली हवा मोजलीच जात नाही. पण मॅनिफोल्डचा दाब मोजून चालणाऱ्या प्रणालीत लीक झाली की दाब वाढतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोलही वाढवतो आणि खूण दिसते ती चढलेल्या आयडलची. एकाच सिलिंडरच्या तोंडाशी गळती असेल तर मात्र तो एकटा लीन होतो. कार्बोरेटरच्या काळातल्या किती नळ्या मोकळ्या राहिल्या आहेत आणि त्यांवरची रबरी टोपणं तडकली आहेत का, ते बघा. एकेक नळी पकडीने दाबून आयडल बदलतं का हे पाहणं सगळ्यात सोपं. तापल्या एक्झॉस्टजवळ क्लीनरचे फवारे मारत बसू नका, आग लागते.

रहदारीत तापल्यावर लीन: हवेचं तापमान मोजणारा सेन्सर कुठे बसवलाय ते बघा. तो एक्झॉस्टच्या वर किंवा रेडिएटरच्या मागे असेल तर सिग्नलला उभं राहून तापतो. गरम हवा विरळ असते, म्हणून ईसीयू पेट्रोल कमी करतो. प्रत्यक्षात आत जाणारी हवा तेवढी गरम नसते. सेन्सर एअर फिल्टरच्या बाजूला, थंड हवेच्या वाटेवर हलवला की पुष्कळदा तक्रार मिटते.

गार इंजिनाला लीन: कूलंटचा सेन्सर. डॅशबोर्डवरच्या काट्याचा एका वायरीचा जुना सेन्सर ईसीयूला चालत नाही, त्याला स्वतःचा दोन वायरींचा सेन्सर लागतो. बहुतेक सेन्सरमध्ये २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतात. गार इंजिनालाच सेन्सर ‘गरम आहे’ म्हणाला, तर ईसीयू सकाळचं जादा पेट्रोल देतच नाही.

वळणावर, टाकी पाव भरलेली असताना लीन: कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडा साठा असायचा, त्यामुळे टाकीतल्या नळीने घोटभर हवा ओढली तरी इंजिनाला कळत नसे. इंजेक्शनला तेवढी सवलत नाही. जुन्या टाकीत पेट्रोल अडवणारे पडदे पुष्कळदा नसतात. घाटाच्या वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा गिळतो आणि गाडी क्षणभर मरते. मधे लहान सर्ज टँक बसवणं किंवा टाकीत पंपाभोवती वाटी करून घेणं, हा यावरचा उपाय. तोवर अर्ध्या टाकीखाली घाटात जाऊ नका.

सगळीकडे थोडं थोडं लीन: पंपावरचं पेट्रोल आठवा. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या एका भागाला नऊच भाग हवा पुरते, म्हणून या मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. परदेशातल्या एखाद्या गाडीची किंवा जुन्या पेट्रोलवर बनवलेली फाइल जशीच्या तशी टाकली असेल, तर ती तेवढी लीन चालणारच. टेबल वाढवायचं खरं कारण हे आहे, पण त्याचा नंबर शेवटचा. आणि एक: वाइडबँड मीटर आकडा पेट्रोलच्या मापात दाखवत असला तरी आतून तो लँब्डाच मोजतो, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण त्या इंधनाच्या योग्य प्रमाणाच्या किती पट आहे ते. सेटिंग लँब्डावर करा. निवांत चालीला १, पूर्ण लोडवर ०.८५ ते ०.९. मग इथेनॉल किती आहे याने गोंधळ होत नाही.

आणखी एक काळजी घ्यायची, ती नळ्यांची. कार्बोरेटरच्या जुन्या रबरी नळ्या अर्ध्या बारपेक्षा कमी दाबासाठी होत्या. तीन बारवर त्या फुगतात, फुटतात आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. ‘जे३० आर९’ असा छाप असलेली इंजेक्शनची होज आणि तिच्याच जातीच्या क्लिपा वापरा. इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद होतो का, हे स्वतः करून बघा. अपघातात पंप बंद करणारा हा रिलेच तुम्हाला वाचवेल.

ज्यांनी अजून काम करून घेतलेलं नाही, त्यांनी आधी आरटीओत जाऊन विचारावं. नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीत आणतात, आणि पुढे विमा कंपनीही त्याकडे बोट दाखवते.

आणि तुमचं काम चालू असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी गॅरेजकडून चार गोष्टी कागदावर मागून घ्या. पूर्ण लोडवर मोजलेलं पेट्रोलचं प्रेशर. इंजिन चालू असताना पंपाच्या टोकांवरचे व्होल्ट. वायरिंगचा नकाशा, कुठल्या रंगाची वायर कुठून कुठे गेली यासह. आणि गाडीत भरलेली मूळ फाइल, तारखेसह. पहिले दोन आकडे जो देत नाही, त्याने ते मोजलेले नसतात. मग राहिलेले पैसे देण्याआधी त्याला सोबत घेऊन जवळच्या चढावर जा आणि गेज लावून ते तुमच्यासमोर मोजायला लावा.