कोंड्याचा मांडा, पण केवढ्याला?

लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेलं दिसलं की ‘राईस ब्रान (तांदळाचा कोंडा) सुरू करा’ असा सल्ला देणारं कुणीतरी भेटतंच. सुरू काय करायचं? कोंडा, तेल की कॅप्सूल? तिन्हींचा खर्च वेगळा आणि गुणही वेगळा.

भात गिरणीतला कोंडा जवळजवळ फुकट मिळतो, पण तो गोठ्यातच जाऊ द्या. हलरच्या गिरणीत त्यात तूस मिसळलेलं असतं आणि तांदूळ सडल्यावर काही तासांतच कोंड्यातलं तेल खवट व्हायला लागतं. खायचा कोंडा उष्णता देऊन टिकाऊ केलेला हवा. तोही किती? 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात एलडीएल उतरलं ते सहा आठवडे रोज 84 ग्रॅम खाऊन. म्हणजे महिन्याला अडीच किलो! पाकिटावरच्या किलोच्या दराला अडीचने गुणा. दह्यात चमचाभर भुरभुरून तेवढा गुण येणार नाही.

तेलाचं गणित जास्त सोपं आहे. 2005 मध्ये लुइझियानातल्या संशोधकांना दिसलं, की तेल काढलेल्या कोंड्याने काही फरक पडला नाही. राईस ब्रान तेलाने मात्र एलडीएल सुमारे 7 टक्क्यांनी उतरलं. म्हणून पैसे घालायचेच तर तेलात घाला. लिटरला सोयाबीनपेक्षा वीस-तीस रुपये जास्त पडले, तरी महिन्याला दोन लिटर लागणाऱ्या घराला फरक चाळीस ते साठ रुपयांचा. शेंगदाणा तेल सोडणाऱ्यांचे तर बहुधा पैसे वाचतील. पिठल्याच्या चवीचं दुःख वेगळं. मात्र हे तेल नेहमीच्या तेलाच्या जागी वापरायचं, त्यावर आणखी ओतायचं नाही.

पिशवी घेताना ओरायझॅनॉलचा, म्हणजे राईस ब्रान तेलातल्या खास घटकाचा, आकडा बघा. 10,000 पीपीएम म्हणजे एक टक्का. ‘मिश्र खाद्यतेल’ लिहिलं असेल तर त्यात राईस ब्रान किती टक्के, तेही वाचा.

कॅप्सूलची साठची बाटली समजा 600 रुपयांना पडली आणि दिवसाला दोन घ्यायच्या असतील, तर वर्षाचे 7,200 होतात. माझ्या मते हा खर्च टाळावा. त्यापेक्षा तेल बदलून तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करा. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली असेल, तर ती तेलाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका.