बोलणं सुधारायचंय? आधी स्वतःचे फोन ऐका

दिघाशी-अंबाडीकडून भिवंडीच्या गोदामांत कामाला येणाऱ्यांपैकी जे डेस्कवर बसतात, त्यांचा दिवस फोनवरच जातो. गाडी कुठे पोहोचली, माल कधी सुटणार, बिल्टी मिळाली का. अशा ऑफिसात ‘कम्युनिकेशन स्किल’ची कार्यशाळा विकायला कोणी आलं, की शेठ आधी विचारतो, किती घेणार? त्याआधी विचारायला हवं, आमचे फोन ऐकणार का?

हे ऐकण्याचं एक शास्त्र आहे, संभाषण विश्लेषण. १९६०च्या दशकात हार्वे सॅक्स यांनी लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रातले फोन तपासले. कर्मचाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं, की बहुतेक जण आपलंही सांगत. ज्याला सांगायचं नसे, तो म्हणे, ‘ऐकू येत नाही.’ तेवढ्यात नाव सांगायची पाळी टळून जाई.

ब्रिटनच्या एलिझाबेथ स्टोको यांनी यातून प्रशिक्षणाची पद्धत काढली. खरं रेकॉर्डिंग एकेक ओळ वाजवायचं, थांबवायचं, ‘आता तुम्ही काय बोलाल?’ विचारायचं आणि मग पुढचं ऐकवायचं. पोलिसांच्या खऱ्या आणि नाटकी चौकशा त्यांनी ताडून पाहिल्या. नाटकात माणसं वेगळं बोलतात, असं २०१३मध्ये दाखवून दिलं.

समजा, दुकानदार विचारतो, ‘माल आज येईल का?’ इकडे सेकंदभर शांतता. मग, ‘अं… बघतो ना साहेब.’ दुकानदार म्हणतो, ‘म्हणजे नाहीच ना!’ नकार त्या शांततेतच पोहोचला. दहा भाषांच्या एका अभ्यासात हो-नाही प्रश्नाचं उत्तर सरासरी ०.२ सेकंदात आलेलं दिसलं. त्या दहांत मराठी नव्हती, पण आपल्या ‘बघतो’चा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. रेकॉर्डिंग त्या सेकंदाला थांबवा आणि टीमला विचारा. ‘आज नाही, उद्या अकरापर्यंत, गाडी अजून भरतेय,’ हे कोणीतरी आपणहून सुचवतंच.

भाषांतरित कोर्सवर माझा विश्वास नाही, त्याचं कारण सांगतो. २००७च्या एका अमेरिकी प्रयोगात डॉक्टरांनी ‘आणखी काही?’ हे विचारताना ‘एनी’ऐवजी ‘सम’ वापरलं आणि रुग्णांच्या न बोललेल्या तक्रारी खूपच घटल्या. मराठीत दोन्हीला ‘काही’च! इथे फरक पडला तर ‘आणखी काही नाही ना?’ आणि ‘आणखी काय आहे?’ यांत पडेल, आणि तोही तुमच्याच फोनवर तपासावा लागेल.

आता हिशेब. कर्मचाऱ्याचा पगार १८,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास धरले, तर तासाला सुमारे ८७ रुपये पडतात. एकेक मिनिटाचे चार तुकडे निवडायला ४ तास. श्वास, थांबे, अडखळणं यांसकट ते लिहून काढायला मिनिटाला तासभर, म्हणजे आणखी ४. सहा जणांची आठवड्याला एक तास अशी चार आठवडे बैठक, २४ तास. एकूण ३२ तास, २,७८४ रुपये. थांबे मोजायला ‘प्राट’ सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

बाहेरचा प्रशिक्षक हवा असेल, तर कोटेशनमध्ये निवड, लेखन आणि सत्र यांचे दर वेगळे मागा. १८ टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार, तेही विचारा. टाळ्या वाजवायला लावणारे खेळ आणि प्रमाणपत्रं यांचे पैसे खुशाल कापा.

रेकॉर्डिंग करताना दोन्ही बाजूंची संमती घ्या. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि नसता तरी विनासंमती रेकॉर्डिंग बरं नव्हे. ऐकवण्याआधी नावं आणि मोबाइल नंबर काढून टाका. आणि शेठ, त्या रेकॉर्डिंगवरून कोणाचा पगार कापू नका; पुढच्या वेळी कोणी खरा फोन द्यायचा नाही.