घर बदलून आलेले मूल : परिसर अभ्यासाचा एक पाठ



परिसर अभ्यासात ‘आपले घर’ हा घटक शिकविताना आपण बहुधा असे गृहीत धरतो, की वर्गातील प्रत्येक मुलाचे घर एकच आहे आणि ते याच गावात आहे. मातीचे घर, विटांचे घर, कौलारू छप्पर, पत्र्याचे छप्पर अशी चित्रे फळ्यावर काढली, की पाठ संपतो. परंतु ज्या मुलाचे एक घर सुटले आहे आणि दुसऱ्यात ते अद्यापि रुजलेले नाही, त्याच्या मनात या वेळी काय चालते, याचा विचार क्वचितच होतो. २०२० सालच्या करोना साथीत अशी मुले गावोगावच्या शाळांत आली. काही परत गेली. काही येथेच राहिली व वरच्या वर्गांत गेली. साथ ओसरली, तरी कुटुंबांचे स्थलांतर थांबलेले नाही. ऊसतोडीस जाणाऱ्या व वीटभट्टीवरून परतणाऱ्या कुटुंबांची मुले आजही आपल्या पटावर आहेत. म्हणून हा पाठ येथे विस्ताराने दिला आहे. तो तिसरी व चौथी या इयत्तांस, दोन तासिकांत घेता येईल.

शिक्षकाची पूर्वतयारी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रोजंदारी बंद पडली. खोलीचे भाडे मात्र चालूच राहिले. एका खोलीत पाच-सहा माणसे आणि अनेक कुटुंबांत मिळून एक शौचालय, अशा वस्तीत एकमेकांपासून अंतर राखणे अशक्य होते. परप्रांतीय मजुरांसाठी १ मे २०२० पासून श्रमिक विशेष रेल्वेगाड्या सुटल्या. मुंबई-पुण्याकडील आपली माणसे परवाना काढून, मिळेल त्या वाहनाने, प्रसंगी पायी आपापल्या गावी पोचली. अनेक गावांच्या वेशीवर अडथळे उभे होते, आणि आलेल्यांना १४ दिवस विलग ठेवण्यासाठी ठिकठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळाच उघडून दिल्या होत्या. म्हणजे पुष्कळ मुलांची आपल्या शाळेशी पहिली ओळख झाली ती शाळा म्हणून नव्हे, तर गावाने आपल्याला दूर ठेवले ती जागा म्हणून. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, तोवर वीस महिने होऊन गेले होते.

असे प्रसंग पूर्वीही आले होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा असंख्य माणसे शहर सोडून कोकणात व घाटावर गेली; पुढे प्लेग खेड्यांत शिरला, तेव्हा गावेच्या गावे घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहिली. मुलांना हे थोडक्यात सांगावे. स्थलांतर ही आपल्या एकट्याच्या घरावर आलेली नामुष्की नव्हे, एवढे त्यांना त्यावरून उमजावे.

प्रस्तावना

पाठाचा आरंभ नव्या मुलापासून करू नये. शिक्षकाने सर्व वर्गास विचारावे : तुमच्या घरात या गावाबाहेरून कोण कोण आले आहे? प्रथम मुले गप्प राहतील. मग विचारावे : तुमची आई लहानपणी कोणत्या गावी होती? आजी कोठून आली? जिला आई नाही त्या मुलीने काकीचे किंवा आजीचे गाव सांगावे. फळ्यावर गावांची यादी भराभर वाढेल, आणि जवळजवळ प्रत्येक घरात घर बदलून आलेले एक तरी माणूस आहे, हे मुलांच्या ध्यानी येईल. आईने नव्या घरी चूल, पाणवठा, माणसांची हाक, सारे नव्याने ओळखून घेतले. ही यादी पुरी झाल्यावर नवे मूल वर्गात एकटे उरत नाही. पाठाचा पाया तो हाच.

विषयप्रतिपादन

पुढील गोष्ट शिक्षकाने सावकाश सांगावी.

मुंबईच्या एका चाळीत एक मुलगी राही. वडील रिक्षा चालवीत, आई घरी बसून कपड्यांना काजे-बटणे करी. टाळेबंदीत रिक्षा थांबली, आईकडे कपडे येईनात. मे महिन्यात ते चौघे सातारा जिल्ह्यातील आपल्या गावी आले. पहिले चौदा दिवस ते शाळेच्या एका खोलीत राहिले. आजी रोज भाकरी घेऊन येई, कुंपणाच्या भिंतीवर ठेवी आणि दूर उभी राहून सगळ्यांची नावे घेई. धाकटा भाऊ तिच्याकडे धावू लागला, की आई त्याचा सदरा धरून ठेवी.

नंतर ते घरी गेले. त्यांच्या वाटणीची खोली कित्येक वर्षे बंद होती. निम्म्या खोलीत चुलत्यांच्या गोवऱ्या रचलेल्या होत्या. चुलत्यांनी त्या परड्यात हलविल्या, पण त्या दिवशी घरात फारसे कोणी बोलले नाही. मुंबईत रात्री लोकलगाडीच्या आवाजात मुलीला झोप लागे. येथे आवाज नाही म्हणून ती जागी राही. गल्लीतल्या मुली म्हणत, ‘ती मुंबईची आहे, तिच्याजवळ बसू नका.’ एके दिवशी चुलतीने तिच्या हाती कळशी दिली आणि चुलतबहिणीबरोबर तिला हातपंपावर धाडले. पहिल्या दिवशी निम्मे पाणी वाटेत सांडले. आठ दिवसांनी ती एकटी जाऊ लागली. वडिलांनी भिंतीत एक खुंटी ठोकली आणि तिचे दप्तर तिच्यावर टांगले.

गोष्ट येथे थांबवावी आणि विचारावे : या मुलीला ते घर आपले केव्हा वाटले असेल? काही मुले म्हणतील, आजी भेटली तेव्हा. काही म्हणतील, पाणी आणू लागली तेव्हा. एखादे म्हणेल, अजून वाटले नसेल. सर्व उत्तरे स्वीकारावीत. यांतील बरोबर उत्तर कोणते, हे शिक्षकाने सांगू नये. चुलते का बोलले नाहीत, असेही विचारावे. आलेल्यांना जागा हवी असते, तशीच आधीपासून राहणाऱ्यांनाही थोडे सरकून बसावे लागते, आणि ते सोपे नसते, हे मुलांना कळते. ते त्यांना बोलू द्यावे.

संकलन

फळ्यावर तीन रकाने आखावेत : जुने घर, नवे घर, दोन्हीकडे. पाणी, उजेड, स्वयंपाक, खेळण्याची जागा, शेजार, रात्रीचे आवाज हे मुद्दे मुलांकडून भरून घ्यावेत. तिसरा रकाना घाईने सोडू नये. आईच्या हातची भाकरी, भावंडाचे भांडण, तेच पांघरूण, अशा गोष्टी त्यात येतील.

उपयोजन

मुलांनी घरातील बाहेरून आलेल्या एका माणसाला विचारून पाच ओळी लिहून आणाव्यात : येथे प्रथम काय अवघड गेले, आणि कोणी मदत केली?

काही दक्षता

नव्या मुलास उभे करून ‘तू सांग’ असे म्हणू नये. त्याने आपण होऊन सांगितले तर शांतपणे ऐकावे. साथीत ज्या घरचे माणूस गेले, त्या घराविषयी वर्गात प्रश्न विचारू नयेत. हजेरी घेताना ‘मुंबईचा’, ‘तोडवाल्यांचा’ असा उल्लेख शिक्षकाच्या तोंडून एकदा गेला, की तो वर्गाच्या तोंडी कायमचा बसतो. मुलाने गावच्या शब्दाऐवजी शहराकडील किंवा दुसऱ्या भागातील शब्द वापरला तर तो चूक न म्हणता दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत.

प्रवेशाबाबत नियम स्पष्ट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही या कारणानेही प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे मुलास वयानुरूप वर्गात बसवावयाचे असते. मागे पडलेला भाग विशेष प्रशिक्षणाने भरून काढावा. दाखल्याच्या कागदासाठी मूल महिनाभर ओसरीवर बसून राहिले, तर कागद आल्यावर ते मूल येईलच असे नाही. म्हणून ते ज्या दिवशी दारात येईल त्याच दिवशी त्याचे नाव पटावर घ्यावे, बसण्याची जागा ठरवून द्यावी, आणि दप्तर ठेवण्यास एक खुंटी दाखवावी.