हुकूम कोणाचा?

गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कढईतल्या तेलाने पेट घेतला. क्षणात पंधरा-वीस जण धावले. "पाणी आणा!" "पाणी नको, वाळू टाका!" "आधी सिलिंडर बाहेर काढा!" जो तो हुकूम सोडत होता, ऐकणारा कोणीच नव्हता. अखेर आचाऱ्याने निमूटपणे शेगडी बंद केली, कढईवर झाकण ठेवले आणि आग विझली. परंतु तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला : दुर्घटनेच्या जागी हुकूम कोणाचा चालावा?

आपल्या मुंबईने या प्रश्नाची जबर किंमत मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजास आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके! जहाज जागीच बुडवावे, असे दारूगोळ्याच्या अधिकाऱ्याचे मत. ते बाहेर समुद्रात न्यावे, असे गोदीच्या व्यवस्थापकांचे. बंबवाले पाण्याचा मारा करीतच होते. पण शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेले नव्हते. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी प्रचंड स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शौर्य कमी पडले नव्हते. व्यवस्था कमी पडली होती.

अशी व्यवस्था पुढे अमेरिकेत आकारास आली. १९७० साली कॅलिफोर्नियातील वणव्यांत १६ जण मृत्युमुखी पडले. अनेक खात्यांचे बंब मदतीस आले. पण त्यांची परिभाषा वेगळी, बिनतारी यंत्रणा वेगळी. या अनुभवातून जी पद्धती निर्माण झाली, तिचे नियम साधे आहेत. प्रथम पोचणाऱ्या पथकाचा प्रमुख सूत्रे हाती घेतो. वरिष्ठ आल्यास परिस्थिती समजावून ती रीतसर सोपवतो. प्रत्येकास एकच वरिष्ठ असतो, आणि एका वरिष्ठाच्या हाताखाली साधारणपणे पाच माणसे. प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, साधनसामग्री व खर्च यांची वाटणी होते. अनेक खाती असतील, तर त्यांचे प्रमुख एकत्र बसून एकच आराखडा ठरवतात.

आपल्याकडे २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २०१० साली राष्ट्रीय प्राधिकरणाने याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार जिल्ह्यात ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

आमच्या आचाऱ्याकडे अधिकार नव्हता, जाण होती. आग छोटी होती म्हणून तेवढ्यावर निभावले. मोठ्या प्रसंगी जाणकाराचा शब्द इतरांनी ऐकावा, यासाठी तो आधीच नेमलेला हवा. म्हणून आम्ही वसतिगृहात प्रत्येक मजल्यावर एकाची नेमणूक केली आणि जिन्यापाशी त्याचे नाव लावले. तळमजल्यावर नाव आहे ते आचाऱ्याचे.