बेत बदलला, बरे झाले

सिंदी मेघे हे वर्ध्याला लागून असलेले गाव. तेथल्या एका शेतकऱ्याच्या घरची ही गोष्ट. घरात आजी, तिची दोन मुले, दोन सुना आणि चार नातवंडे.

आजीच्या लहानपणी जत्रेला जायचे म्हणजे दमणी जुंपायची. दमणीवर छप्पर असायचे. आत कडबा पसरायचा, वर सतरंजी टाकायची. पीठ, मीठ, डाळ, तवा सारे बरोबर घ्यायचे. बैल थकले की झाडाखाली मुक्काम. जणू घरच चाकांवर चालायचे.

आता तशाच मोटारी निघाल्या आहेत. त्यांत झोपायची सोय असते, चूलही असते. त्यांना कॅराव्हॅन म्हणतात. परदेशात पुष्कळ कुटुंबे अशा मोटारीतून हिंडतात. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली अशा प्रवासासाठी धोरण ठरवले.

आमच्या या कुटुंबाजवळ अशी मोटार कोठून असणार? त्यांनी तीन दिवसांसाठी एक मोठी जीप भाड्याने घेतली. श्रावण महिना होता. पिकाला खत देऊन झाले होते. चिखलदऱ्याला जायचे ठरले. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात आहे. उंची सुमारे अकराशे मीटर. तेथे कॉफीची झाडे होतात. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले, ती दरी तेथलीच, असे लोक सांगतात. पोरे आठ दिवसांपासून नाचत होती.

जीपमध्ये सतरंज्या, डाळ, तांदूळ, भांडी भरली. धाकट्या मुलाने कागदावर रस्ता लिहिला: वर्धा, आर्वी, तळेगाव, तिवसा, मोझरी, अमरावती, परतवाडा, चिखलदरा. राहण्याच्या जागेचे पैसेही आधीच भरले.

सकाळी निघाले. आर्वीच्या अलीकडे पावसाने गाठले. पुढे ट्रक बंद पडला होता. गाड्यांची रांग लागली होती. ड्रायव्हर म्हणाला, "आडरस्त्यानं जाऊ. वेळ वाचते."

जीप आडरस्त्याला लागली. थोड्या वेळाने एक नाला आला. नाल्यावर ठेंगणा पूल होता. अशा पुलाला आपण रपटा म्हणतो. रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होते.

धाकटा म्हणाला, "एवढ्याशा पान्याले काय भ्यायचं? काढा गाडी."

ड्रायव्हरने गिअर टाकला. तेवढ्यात आजी ओरडली, "थांब बाप्पा! मले ते वाचू दे."

कडेला एक पाटी होती. तिच्यावर शेवाळ आले होते. आजी त्याच वर्षी गावच्या साक्षरता वर्गात वाचायला शिकली होती. तिने एकेक अक्षर लावले. "पु-ला-व-रू-न पाणी वा-ह-त अस-ताना पूल ओ-लां-डू नये."

जीपमधल्या चौघा मोठ्यांना आजीच्या आधीपासून वाचता येत होते. पण त्यांनी पाटीकडे पाहिलेच नव्हते.

धाकटा चिडला. "माय, पाट्या तशाच असतात. आज पोचलो नाही तर पैसे बुडतीन."

थोरली सून हळूच म्हणाली, "भाऊजी, मागं चार लेकरं बसली आहेत."

मग कोणी बोलले नाही. ड्रायव्हरने जीप मागे घेतली. अर्ध्या तासात पाणी आणखी चढले. रपटा दिसेनासा झाला. त्याच्या कडेचे दगडही बुडाले.

मंडळी, वाहत्या पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही. घोट्याच्या वर, म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी जोराने वाहत असले, तर उभा माणूस पडू शकतो. ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. ६० सेंटिमीटर पाणी मोठ्या जीपलाही वाहून नेते. गाडी जड असली तरी पाणी तिला खालून उचलते. मग चाके जमीन धरत नाहीत. शिवाय पाण्याखालचा रस्ता खचला आहे की शाबूत आहे, हे वरून दिसत नाही.

हे नुसते भय घालणे नव्हे. जुलै २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यातल्या नांदा गावाजवळ, पुलावरच्या पुरातून जाणारी एक मोटार वाहून गेली. तिच्यात मध्य प्रदेशातल्या मुलताई भागातले कुटुंब होते. त्यांतली माणसे दगावली. तेही आपल्यासारखेच घरून हसत निघाले असतील.

आता आपल्या जीपकडे वळू. ती जवळच्या खेड्यात परतली. गावकऱ्यांनी शाळेचा ओटा मोकळा करून दिला. एका घरून सुकी लाकडे आली, एका घरून ताक आले. सुनांनी तीन दगडांवर खिचडी शिजवली. पोरे आधी रुसली होती. पण ओट्यावर रांगेने झोपायला मिळाले तेव्हा खुलली. आजीने त्यांना दमणीच्या गोष्टी सांगितल्या.

सकाळी पाऊस थांबला. धाकट्याने हवामान खात्याचा अंदाज पाहिला. अमरावती जिल्ह्याला नारिंगी इशारा होता. हे रंग लक्षात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे धोका मोठा आहे, ताबडतोब हालचाल करा. जोराच्या पावसात घाटात दरड कोसळू शकते. आता काय करावे?

थोरला म्हणाला, "चिखलदरा कुठं पळून जात नाही. दिवाळीनंतर जाऊ. आज मोझरीले जाऊ. ते घाटात नाही, मोठ्या रस्त्यावर आहे."

दुपारपर्यंत थांबून, गावकऱ्यांना रस्ता विचारून, ते मोठ्या रस्त्याने निघाले. संध्याकाळी मोझरीला पोचले. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. महाराज १९६८ साली गेले. त्यांची समाधी तेथेच आहे. गाव कसे असावे, हे त्यांनी ग्रामगीतेत साध्या ओव्यांतून सांगितले. आजीने ग्रामगीता विकत घेतली. तिने विकत घेतलेले हे पहिले पुस्तक.

तिसऱ्या दिवशी सारे सुखरूप घरी आले. धाकटा हिशेब करत बसला. "माय, पैसे तर पान्यात गेले."

आजी म्हणाली, "पैसेच गेले ना? माणसं तर नाही गेली."

धाकट्याने मान खाली घातली. मग तो म्हणाला, "माय, पुढच्या खेपेले तूच समोर बस. पाट्या वाच."

प्रवासाला निघताना ध्यानात ठेवा

१. रस्ता आणि मुक्काम कागदावर लिहा. एक कागद घरी ठेवा.
२. बेत बिघडला तर दुसरीकडे कोठे थांबता येईल, हे आधीच ठरवा.
३. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. दुसरी गाडी गेली म्हणून आपली नेऊ नका.
४. ड्रायव्हरला घाई करायला लावू नका.
५. चालत्या गाडीत स्टोव्ह किंवा गॅस पेटवू नका.
६. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर लावा.

सांगा पाहू

१. ड्रायव्हरने आडरस्ता का धरला?
२. पाटी आजीनेच का वाचली? इतरांनी का नाही?
३. नारिंगी इशाऱ्याचा अर्थ काय?
४. तुमच्या गावाजवळ रपटा आहे का? तेथे पाटी आहे का? जाऊन वाचा. पाटी नसेल तर ग्रामपंचायतीला अर्ज लिहा.